शेवटचा न्याय : यमसभा कीं गोतसभा ?

मराठी ख्रिस्ती वाङ्मयांत जगाच्या अंतीं व्हावयाच्या न्यायाविषयीं जें लिहिलेलें आढळतें, तें यमसभेच्या पौराणिक वर्णनालाच नवा पोशाख चढवून तयार केलेलें आहे, अशी एक समजूत आमच्या अभ्यासकांत रूढ आहे. ही समजूत निरुपद्रवी असती तर तिची चिकित्सा करण्याचें कारण नव्हतें. परंतु तिचा परिणाम संग्रहावर होतो. जें केवळ अनुकरण म्हणून ठरलें, तें जपण्याची निकड कोणास वाटत नाहीं; आणि ज्या पोथीची निकड कोणास वाटत नाहीं ती वाळवीच्या स्वाधीन होते. म्हणून या समजुतीस आधार किती, हें पाहणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम साधनांविषयीं. या वाङ्मयाचा मूळ पुरुष म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट इ. स. १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला व १६१९ मध्यें तिकडेच वारला. त्याचें ख्रिस्तपुराण रोमन लिपींत १६१६ मध्यें राशोल येथें छापलें गेलें, व पुढें १६४९ आणि १६५४ मध्यें पुन्हां निघालें. पण या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकीचीही प्रत हातीं लागत नाहीं. दोन पुराणें, पंचाण्णव अवस्वर आणि सुमारें अकरा हजार ओव्या एवढा हा ग्रंथ जगला तो केवळ हस्तलिखितांच्या बळावर. गोव्यांतून कानडा जिल्ह्यांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं नकला जपल्या, व त्यांवरून जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें तो पुन्हां छापिला. विल्यम मार्सडेन याच्या संग्रहांतील देवनागरी हस्तलिखितें लंडन येथें आहेत, त्यांकडे डॉ. जस्टिन ॲबट यांनीं १९२३ मध्यें विद्वानांचें लक्ष वेधलें. तीं मूळ संहितेचीं कीं मागाहून केलेल्या संस्करणाचीं, याविषयीं मतभेद आहेत. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति पुणें येथें १९५६ मध्यें निघाली, आणि नेल्सन फाल्काव यांनीं आधुनिक मराठी रूपांतरासह २००९ मध्यें काढलेली आवृत्ति आज सुलभ आहे. स्टीफन्सचीच ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी १६२२ मध्यें, त्याच्या मृत्यूनंतर, छापली गेली. प्रेषितांचा जो विश्वासांगीकार अशा प्रश्नोत्तरींत शिकविला जातो, त्यांत ख्रिस्त जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करावयास येईल हें कलम आहेच. म्हणजे हा विषय पुराणांपुरता नसून लहान मुलाच्या पाठांतराचाही होता.

यमसभेचा पक्ष ज्या आधारांवर उभा आहे ते आधार दुर्बळ नाहींत. स्टीफन्सनें स्वर्गास वैकुंठ म्हटलें आहे. गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणींत नरकास यमकोंड म्हणतात. योहानाच्या प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायांत ग्रंथ उघडले जातात व कृत्यांप्रमाणें न्याय होतो. तें वाचतांच चित्रगुप्ताची वही डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु यमकोंड हें शिक्षेच्या स्थळाचें नांव आहे. शिक्षा ठरविणारी सभा कशी भरते, तें त्यावरून कळत नाहीं. तुरुंगास लोकांनीं कोणतें नांव दिलें यावरून न्यायसभेची रीत ठरवूं नये.

रीतच पाहूं. यमापुढें जीव एकटा उभा असतो. चित्रगुप्त त्याचें खातें वाचतो, श्रवण नांवाचे देव त्याचीं कर्में कळवितात, यम त्याची गति ठरवितो. हें काम प्रत्येकाच्या मृत्यूनंतर होतें, तें अखंड चालू आहे, आणि ठरलेली गति भोगून जीव पुन्हां जन्मास येतो. महाभारताच्या सभापर्वांत यमाच्या सभेंत राजर्षि बसलेले आहेत खरे. परंतु ते सभेचें वैभव आहेत, निवाड्यांत त्यांचा हात नाहीं. ख्रिस्ती मताप्रमाणें शेवटचा न्याय एकदांच व्हावयाचा, सर्व मनुष्यांचा एकत्र व्हावयाचा, आणि त्यानंतर फेरा नाहीं.

येथें एक गोष्ट मान्य केली पाहिजे, व आमच्या मतें सगळ्या घोटाळ्याचें मूळ तीच आहे. रोमन संप्रदायांत न्याय दोन आहेत. मृत्यु येतांच ज्याचा त्याचा वेगळा न्याय होऊन जीव स्वर्ग, शुद्धिस्थान किंवा नरक यांपैकीं एका ठिकाणीं जातो. पोप बारावा बेनेडिक्ट यानें १३३६ मध्यें हें मत निश्चित शब्दांत मांडलें. दुसरा न्याय जगाच्या अंतींचा. यांतील पहिल्याचें यमसभेशीं साम्य उघड आहे, आणि शुद्धिस्थानांतील जीवांसाठीं केलेल्या प्रार्थनेचें श्राद्धाशीं साम्य दाखवितां येईल. पण पहिल्याचें साम्य दुसऱ्यास लावणें हा तर्कदोष होय. नागपुराकडे जें प्रॉटेस्टंट कार्य झालें त्यांत शुद्धिस्थान मानलेलें नाहीं. तेथें शेवटच्या न्यायाचें वेगळेपण अधिकच ठळक दिसतें.

आतां श्रद्धावंतांचें काम काय, तें पाहूं. कारण निर्णय येथेंच होतो. मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायांत ख्रिस्त बारा शिष्यांस बारा आसनें देतो व इस्राएलाच्या वंशांचा न्याय त्यांजकडे सोंपवितो. पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत पवित्र जन जगाचा, एवढेंच नव्हे तर देवदूतांचाही, न्याय करणार असल्याचें सांगतो. म्हणजे श्रद्धावंत हा त्या सभेंत न्याय मिळणारा आहे, साक्षीदार आहे, आणि सभासदही आहे. या तिन्ही भूमिका एकाच मनुष्याकडे असलेली संस्था आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. ती म्हणजे गोतसभा.

ज्यांनीं महजर वाचले आहेत त्यांस अधिक सांगणें नको. वादी-प्रतिवादी राजीनामा देतात, तक्रीरा लिहून घेतल्या जातात, साक्षी बेल-भंडार उचलतात, आणि निवाड्याखालीं देशमुख-देशपांड्यांपासून बलुतेदारांपर्यंत सर्वांचीं नांवें व निशाण्या येतात. पाटलाचा नांगर असतो, बलुतेदारांचीं आपापल्या हत्यारांचीं चिन्हें असतात. वि. त्र्यं. गुणे यांनीं मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथांत या व्यवस्थेचा साधार विचार केला आहे. तींत शेजारी हाच पुरावा व शेजारी हाच न्यायाधीश. गोव्यांतही गांवकरीच्या सभा होत्या; पोर्तुगीज सरकारनें १५२६ मध्यें त्यांच्या रीतिरिवाजांची सनद लिहून काढली. स्टीफन्सच्या साष्टींतील श्रोत्यांस अशी सभा रोजच्या व्यवहाराची होती.

पौलाच्या वचनाचा प्रसंग पाहिला म्हणजे हें साम्य वरवरचें नाहीं हें ध्यानांत येतें. करिंथ येथील ख्रिस्ती लोक आपसांतील भांडणें बाहेरच्या न्यायाधीशांपुढें नेत होते. जे पुढें जगाचा न्याय करणार, त्यांस घरचा क्षुल्लक कज्जा तोडतां येऊं नये काय, असा त्याचा टोला आहे. गोताचा कज्जा गोतांत तुटावा, या आमच्या जुन्या वृत्तीचाच तो उद्गार आहे. शेवटच्या न्यायाची गोष्ट पौलानें काढली ती भविष्य वर्तविण्यासाठीं नव्हे, आजची वागणूक सुधारण्यासाठीं.

तथापि साम्य हातीं लागलें म्हणजे तें ताणण्याचा मोह होतो. बारा आसनें व बारा बलुतीं यांचा मेळ घालूं पाहणाऱ्यास आम्ही आधींच सांगून ठेवतों कीं, ही केवळ संख्येची गांठ आहे. गोत जन्मानें ठरतें. पवित्र जनांची सभा जन्मानें ठरत नाहीं. गोताचा निवाडा न मानणारा दुसरें थळ मागूं शकतो. शेवटच्या न्यायास दुसरें थळ नाहीं. जेथें साक्षीपुरावा खुंटतो तेथें गोत दिव्याकडे वळतें, म्हणजे देवाचा निर्णय आजच मागतें. ख्रिस्ती मत तो निर्णय अखेरच्या दिवसावर टाकतें. आणि सर्वांत मोठा भेद असा कीं, गोतसभेंत प्रत्येकास आपली बाजू ठाऊक असते, तर मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत भुकेल्यास अन्न व उघड्यास वस्त्र देणारे नीतिमान आपण हें कधीं केलें, असें विस्मयानें विचारतात. आपली बाजू न जाणणारा वादी कोणत्याही महजरांत सांपडावयाचा नाहीं.

शब्दाचाही विचार केला पाहिजे. मराठी बायबलांत न्याय व न्यायनिवाडा हे शब्द रूढ आहेत. आमच्या मतें यांतील निवाडा हा शब्द मूळ ग्रीक शब्दाच्या अधिक जवळचा आहे. त्या ग्रीक धातूचा मूळ अर्थ वेगळें करणें असा आहे, आणि आमचा निवाडाही निवडणें या क्रियेपासूनच निघालेला आहे. मेंढपाळ मेंढरें व शेरडें वेगळीं करतो, सूप घेतलेला मनुष्य दाणा व भूस वेगळें करतो. हीं चित्रें निवाडा या शब्दांत आपोआप येतात. न्याय हा शब्द तर्कशास्त्राकडे व राजसभेकडे ओढतो, निवाडा खळ्याकडे व घराकडे.

याच अर्थानें मत्तयाच्या तेराव्या अध्यायांतील निदणाचा दृष्टांत पाहावा. गव्हांत शत्रूनें वाईट बीं पेरलें. चाकर तें उपटूं पाहतात. धनी म्हणतो, कापणीपर्यंत दोन्ही वाढूं द्या. मूळांतील तें तण कोंवळेपणीं गव्हासारखेंच दिसतें. भंडारा जिल्हा धानाचा. तुमसर तालुक्यांतील नाकाडोंगरीच्या शेतकऱ्यास हा दृष्टांत टीकेवांचून कळेल, कारण बांधीतलें रानधान लोंबी येईपर्यंत खऱ्या धानापासून ओळखणें किती कठीण, हें त्याला ठाऊक आहे. निदणाऱ्याचा हात उतावीळ झाला कीं पीकच जातें. तात्पर्य, श्रद्धावंतास शेवटच्या सभेंत आसन आहे. परंतु आज शेतांत उपटण्याचा अधिकार नाहीं. दोन्ही वचनें एकत्र वाचलीं तरच मत पुरें होतें.

हीं वचनें वेगळीं केल्यानें काय होतें, याचें उत्तर गोव्याच्या इतिहासांतच आहे. १५६० मध्यें तेथें इन्क्विझिशन स्थापन झालें व मधल्या थोड्या खंडाखेरीज १८१२ पर्यंत चाललें. प्रियोळकरांनीं आपल्या १९६१ च्या ग्रंथांत त्याची हकीकत मांडली आहे. जें आसन अखेरच्या दिवशीं मिळावयाचें, तें चाकरांनीं आजच बळकाविलें. जुलै १५८३ मध्यें कुंकळ्ळीस पांच जेझुइट मारले गेले, आणि पुढें बोलणीं करण्यासाठीं असोळणें येथें बोलाविलेल्या गांवकरांस चौकशीवांचून ठार करण्यांत आलें. स्टीफन्स त्या काळीं साष्टींतच होता. ज्या सभेस गांवकरी म्हणत, त्याच सभेच्या माणसांस निवाडा मिळाला नाहीं, ही गोष्ट त्याचें पुराण वाचतांना आम्ही विसरूं शकत नाहीं, व वाचकांनींही विसरूं नये.

विदर्भाचा या वाङ्मयाशीं संबंध समजला जातो त्याहून जवळचा आहे. श्रीरामपूर येथें केरीनें मत्तयाचें शुभवर्तमान १८०५ मध्यें व नवा करार १८११ मध्यें मराठींत छापिला. त्याचा साहाय्यक वैजनाथ पंडित नागपुराकडचा होता, आणि तिकडची बोली पुणें-कोंकणच्या वाचकांस परकी वाटली, अशी टीका पुढें झाली. १८४५ मध्यें नागपुरास आलेला स्टीफन हिस्लॉप पुराणवस्तूंचाही शोधक होता. टाकळघाट येथील शिळावर्तुळें पाहून परततांना १८६३ मध्यें तो पुरांत बुडाला. त्यानें टिपून ठेविलेलें गोंडांचें लिंगोचें गीत त्याच्या कागदपत्रांतून १८६६ मध्यें प्रसिद्ध झालें. नारायण वामन टिळकांस नव्या कराराची प्रत मिळाली ती १८९३ मध्यें नागपुराहून राजनांदगांवास जातांना, आगगाडींत. ती वाट भंडारा व तुमसर यांच्या स्थानकांवरूनच जाते. त्यांच्या मनावर पगडा बसला तो डोंगरावरील प्रवचनाचा, आणि दुसऱ्याचा न्याय करूं नका हा उपदेश त्यांतलाच आहे.

तेव्हां आमचा निष्कर्ष असा : मराठींतील शेवटचा न्याय ही यमसभेची नक्कल नव्हे. त्याची जागा समजावयास गोतसभेचें ज्ञान उपयोगी पडतें; त्याचें माप समजावयास गोतसभाही पुरत नाहीं. म्हणून महजर व निवाडपत्रें जमविणाऱ्या मंडळींस आमची विनंति आहे कीं, जुन्या ख्रिस्ती घरांत वहीवर उतरलेलीं कीर्तनें, प्रश्नोत्तऱ्या, मंडळीच्या पंचांचे ठराव किंवा बाप्तिस्म्याच्या नोंदी दिसल्यास तीं परक्या धर्माचीं म्हणून बाजूस सारूं नयेत. पंचांच्या ठरावांत भाऊ भावाचा कज्जा कसा तोडीत असे, तें पाहावें. पौलाचें वचन मराठी मनुष्यानें कोणत्या अर्थानें घेतलें, याचा खरा पुरावा तेथेंच मिळेल. कोणती पोथी धान व कोणती रानधान, हें तूर्त आपण ठरवूं नये. लोंबी येईपर्यंत दोन्ही राखावीं.