पुण्याची भट्टी, पारोळ्याची पऱ्हाटी

पुण्याच्या ‘आरती’ संस्थेला उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्राबद्दल २००२ मध्ये, तर खरकट्यावरील बायोगॅस संयंत्राबद्दल २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. कामगिरी मोलाचीच. पण दोन्हींचा कच्चा माल पुण्याभोवती मुबलक आहे. शहर आपल्याला दिसणाऱ्या कचऱ्यावर संशोधन करते, ही त्याची मर्यादा.

पारोळ्याच्या शेतात कपाशीची पऱ्हाटी उरते. खरकट्यातील पिष्ट जिवाणू सहज पचवतात. पऱ्हाटीतील लिग्निन मात्र प्राणवायूविना जवळजवळ कुजत नाही. म्हणून तिला गॅसपेक्षा कोळशाची वाट सोयीची. भट्टीही बांधावरच हवी; हलकी पण जागा व्यापणारी पऱ्हाटी दूर वाहून नेण्यात डिझेल जळते. शहरातील संशोधनाची खरी परीक्षा पुरस्काराने नव्हे, अशा बांधावर होते. विद्यार्थ्यांना विचारावे : आपल्या गावाला कोणते तंत्र मानवेल, आणि का?