लेखनदोष की साधनदोष? : लिब्रेऑफिसच्या साहाय्य-वाङ्मयाची चिकित्सा

संगणकावर प्रबंध लिहिणाऱ्यांच्या नित्याच्या अडचणी दूर करण्यासाठी जे लेखन आज विपुल प्रमाणात उपलब्ध आहे, ते वाङ्मय म्हणून कोणी वाचत नाही, आणि त्याची चिकित्सा करण्याची गरज तर कोणास वाटतच नाही. अडचण आली की ते उघडावयाचे, सांगितलेली कळ दाबावयाची, आणि अडचण गेली की विसरावयाचे, असा त्याचा उपयोग. तथापि प्रत्येक उपायामागे कारणाविषयीची काही एक कल्पना गृहीत असते, आणि ती चुकीची असेल तर उपाय कधी निष्फळ ठरतो, तर कधी मूळ दोषापेक्षा मोठी हानी करतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही हानी क्षुल्लक नाही. चार वर्षांच्या श्रमाची संहिता त्या फाइलीत असते.

प्रस्तुत विवेचन लिब्रेऑफिसपुरते मर्यादित आहे. १९८५ मध्ये जर्मनीत मार्को बॉरिस ह्यांनी स्थापिलेल्या स्टार डिव्हिजन ह्या कंपनीचे स्टारऑफिस हा त्याचा पूर्वज. ती कंपनी १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतली, २००० मध्ये त्या सॉफ्टवेअरची संहिता खुली केली, आणि तीतून ओपनऑफिस उभे राहिले. सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलकडे गेल्यावर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात द डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा झाली व लिब्रेऑफिसची शाखा निराळी झाली. हे सॉफ्टवेअर मुक्त आहे, आणि फुकटही आहे. दुर्दैवाने आपल्याकडे दुसऱ्या विशेषणाकडेच अधिक लक्ष जाते, आणि काही बिघडले की ‘फुकटचे ते असेच असावयाचे’ हे निदान तोंडी तयार असते. म्हणजे साधनाचा दोष तपासण्यापूर्वीच सिद्ध धरला जातो.

साहाय्य-लेखनातील बहुसंख्य उत्तरे लक्षणावरून थेट उपायाकडे जातात. अक्षरे विचित्र दिसतात? दुसरा फॉन्ट लावा. पाने सरकली? समास बदला. सॉफ्टवेअर अडखळते? काढून पुन्हा बसवा. ह्यांपैकी एखादा उपाय एखाद्या वेळी लागू पडतो हे खरे. परंतु तो का लागू पडला हे सांगितले जात नाही, म्हणून तो कोठे लागू पडणार नाही हेही वाचकास कळत नाही. पाठचिकित्सेचा परिचय असलेल्या आपल्या वाचकांस ह्यातील उणीव चटकन ध्यानात येईल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीतील आदिपर्व वि. सी. सुकथनकरांच्या संपादनाखाली १९३३ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या प्रस्तावनेपासून जी शिस्त आपण शिकलो तिचा एक भाग असा की, भ्रष्ट पाठ कोणत्या वाटेने आला हे पाहिल्यावाचून तो सुधारावयास बसू नये. संगणकावरील संहितेला हा नियम अधिकच कठोरपणे लागू होतो. हस्तलिखितावर हरताळ फासली तरी खालचे अक्षर पुष्कळदा वाचता येते. येथे मात्र ‘सेव्ह’ म्हटल्यावर खाली काहीच उरत नाही.

दोषाचे स्थान प्रथम ठरविले पाहिजे. ते अक्षरांत असेल, अक्षरांच्या आकारात असेल, पानाच्या मांडणीत असेल, किंवा खुद्द सॉफ्टवेअरमध्ये असेल. ह्या चार स्थानांची सरमिसळ कशी घातक ठरते ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण जुन्या मराठी फाइलींचे आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्री-लिपी, आय.एस.एम. इत्यादींच्या फॉन्टांत जे मराठी टंकलेखन झाले, त्यातील पुष्कळशा फाइलींत ‘मराठी’ हा शब्द मुळी नसतोच. तेथे असतात रोमन अक्षरे व किरकोळ चिन्हे. त्यांवर देवनागरी आकारांचा मुखवटा चढविण्याचे काम फॉन्ट करतो. असा फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मुखवटा गळून पडतो व निरर्थक रोमन अक्षरांची रास दिसते. वापरणारा म्हणतो, लिब्रेऑफिसने माझे मराठी बिघडविले. वास्तविक लिब्रेऑफिसने फाइलीत जे आहे तेच दाखविले आहे.

येथे साहाय्य-लेखनाचा नेहमीचा सल्ला असा की, सगळा मजकूर निवडून त्यास दुसरा देवनागरी फॉन्ट लावून पाहावा. हा सल्ला निरुपयोगी तर आहेच, पण प्रबंधाच्या बाबतीत तो विघातकही आहे. समजा, त्या प्रबंधात मराठी विवेचनाच्या मधूनमधून इंग्रजी अवतरणे आहेत. फाइलीत दोन्ही रोमन अक्षरांतच नोंदलेली आहेत. खरे इंग्रजी कोणते आणि मुखवट्याआडचे मराठी कोणते हे सांगणारा एकच पुरावा तेथे असतो, तो म्हणजे त्या त्या शब्दाला जोडलेले फॉन्टचे नाव. सगळ्यास एक फॉन्ट लावून फाइल साठविली की तो पुरावा नष्ट होतो. त्यानंतर रूपांतर करणारे कोणतेही साधन इंग्रजी अवतरणांचेसुद्धा निरर्थक मराठी करून टाकील, आणि मग एकेक ओळ हाताने वेगळी काढीत बसावे लागेल. योग्य मार्ग अगदी साधा आहे : मूळ फाइलीची प्रत करावी, फॉन्टचे नाव टिपावे, त्या नावाच्या मजकुराचेच युनिकोडमध्ये रूपांतर करावे, आणि बाकीच्यास हात लावू नये.

आकाराच्या पातळीवरील दोषांत मात्र लिब्रेऑफिसही निर्दोष नाही. ह्या सॉफ्टवेअरने जगातील लिप्यांचे तीन गट कल्पिले आहेत : पाश्चात्त्य, आशियाई आणि ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’. देवनागरी तिसऱ्या गटात मोडते. ‘आशियाई’ म्हणजे येथे चिनी, जपानी व कोरियन. मराठी माणसाने आपली लिपी आशियाई समजून दुसऱ्याच चौकटीत खूण करावी ह्यात नवल नाही. नवल ह्या नामकरणाचे आहे. प्रत्येक गटाचा फॉन्ट, आकारमान व भाषा स्वतंत्रपणे साठविली जाते. म्हणून परिच्छेदाच्या शैलीत वरच्या, म्हणजे पाश्चात्त्य रकान्यात चौदाचा आकडा घातला तरी देवनागरी अक्षर बारावरच राहते, आणि ‘हे सॉफ्टवेअर ऐकत नाही’ अशी तक्रार होते. ‘टूल्स’ मेनूतील ‘ऑप्शन्स’मध्ये भाषांच्या पानावर तिसरा गट चालू केलेला नसेल, तर त्याचा रकाना शैलीच्या चौकटीत दिसतदेखील नाही.

भाषेच्या नोंदीचा प्रश्न ह्याहून सूक्ष्म आहे. नव्या दस्तऐवजात तिसऱ्या गटाची भाषा पुष्कळदा हिंदी अशी नोंदलेली असते. ज्या फॉन्टांत मराठी व हिंदी वळणांची वेगवेगळी सोय केलेली आहे, त्यांत ह्या नोंदीमुळे ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची उमटतात. लेखक फॉन्टला दोष देतो, चार फॉन्ट बदलतो, आणि शेवटी वैतागून ते वळण स्वीकारतो. उपाय फॉन्टमध्ये नाहीच. मूळ शैलीत भाषा मराठी अशी नोंदविली की तोच फॉन्ट आपले ‘ल’ आणि ‘श’ देऊ लागतो. शुद्धलेखन-तपासणीच्या लाल रेषांचे रानही बहुधा ह्याच चुकीच्या नोंदीतून माजते.

मांडणीविषयीची तक्रार सर्वांच्या परिचयाची आहे. मार्गदर्शकांनी वर्डमध्ये तपासलेले प्रकरण लिब्रेऑफिसमध्ये उघडले की पाने सरकतात. दोन स्वरूपांची मानके भिन्न आहेत हे खरे. लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या ओडीएफ स्वरूपास २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला, तर डॉक्स स्वरूपास २००८ मध्ये. परंतु पाने सरकण्याचे कारण पुष्कळदा इतके दूरचे नसते. मूळ फॉन्ट ह्या संगणकावर नसतो, त्याऐवजी दुसरा येतो, अक्षराची रुंदी केसभर बदलते, ओळ एका शब्दाने लांबते आणि तो फरक पानोपानी साचत जातो. रोमन लिपीपुरता ह्यावर चांगला तोडगा निघालेला आहे : टाइम्स न्यू रोमन व एरिअल ह्यांच्या रुंदीशी तंतोतंत जुळणारे लिबरेशन फॉन्ट, आणि कॅलिब्रीशी जुळणारा कार्लिटो. देवनागरी अक्षरे त्या तोडग्याच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून मराठी प्रबंधापुरता खरा उपाय एकच : दोन्हीकडे तोच मुक्त परवान्याचा देवनागरी फॉन्ट बसवावा, किंवा फाइलीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन तो फाइलीतच समाविष्ट करावा.

आणि एवढे केल्यावरही पाने सरकली तर? तेव्हा लेखकाने स्वतःच्या लेखनपद्धतीकडे पाहावे. मथळा मध्यावर आणण्यासाठी जागेची पट्टी वीस वेळा दाबलेली, नवे प्रकरण नव्या पानावर नेण्यासाठी एंटर कळ तीस वेळा ठोकलेली. अशी मांडणी एका संगणकावर जमून येते हाच योगायोग. लिब्रेऑफिसच्या दस्तऐवज-मंडळाने सिद्ध केलेल्या ‘रायटर गाइड’मध्ये शैलींवर स्वतंत्र प्रकरणे आहेत व ती उत्तम आहेत. परंतु अडलेला वाचक तेथपर्यंत जात नाही; त्यास तीन ओळींचे उत्तर हवे असते, आणि तीन ओळींची उत्तरे देणारे लोक शैलीचे नाव काढीत नाहीत. पृष्ठांकांचेही तेच आहे. प्रस्तावनेला निराळे अंक व पहिल्या प्रकरणापासून एक, हे पानाच्या शैलीवाचून साधावयाचे नाही. त्याविना केलेल्या युक्त्या पुढच्या दुरुस्तीत मोडतात.

खुद्द सॉफ्टवेअर बिघडल्याची शंका असेल तेव्हा ती तपासण्याची सोय २०१७ च्या ५.३ ह्या आवृत्तीपासून आहे. ‘हेल्प’ मेनूतील ‘रीस्टार्ट इन सेफ मोड’ निवडले असता वापरणाऱ्याच्या साठलेल्या आवडीनिवडी तात्पुरत्या बाजूस ठेवून सॉफ्टवेअर सुरू होते. दोष नाहीसा झाला तर तो त्या साठ्यात, म्हणजे यूझर प्रोफाइलमध्ये होता. तसाच राहिला तर दस्तऐवजात, फॉन्टांत किंवा अन्यत्र शोधावा. ही एक परीक्षा ‘काढून पुन्हा बसवा’ ह्या सल्ल्याहून कितीतरी मोलाची आहे. सॉफ्टवेअर काढल्याने यूझर प्रोफाइल सामान्यतः जात नाही, त्यामुळे पुन्हा बसविल्यावर दोषही परत येतो आणि वापरणाऱ्याची खात्री पटते की सॉफ्टवेअरच नासके आहे.

त्रुटी-संदेशांच्या भाषेविषयी मात्र रचनाकारांना दोष दिल्यावाचून गत्यंतर नाही. ‘जनरल एरर. जनरल इनपुट-आउटपुट एरर’ हा संदेश काय सांगतो? काहीतरी चुकले एवढेच, आणि ते वाचणाऱ्यास आधीच ठाऊक असते. अशा प्रसंगी घाबरलेल्या विद्यार्थ्यास कोणी सांगत नाही की ओडीटी फाइल ही वस्तुतः एक झिप-पेटी आहे. तिची प्रत करून ती झिप म्हणून उघडता आली, तर आत ‘कंटेंट’ नावाच्या एक्सएमएल फाइलीत सारा मजकूर साध्या अक्षरांत सापडतो. मांडणी जाईल, विवेचन वाचेल.

कॅल्कविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. एकच दोष नोंदवितो, कारण तो मुकाट्याने घडतो. बाहेरून आणलेल्या सारणीतील आकडे कधीकधी संख्या म्हणून न येता मजकूर म्हणून येतात, आणि बेरजेचे ‘सम’ हे सूत्र मजकूर वगळून चालते. संदेश येत नाही, बेरीज येते, आणि ती चुकीची असते. कंट्रोल व एफ-आठ ह्या कळा एकत्र दाबल्या असता मजकूर काळा व संख्या निळ्या दिसतात. सर्वेक्षणावर आधारलेल्या प्रबंधातील कोष्टके सादर करण्यापूर्वी ही परीक्षा अवश्य करावी.

अक्षरांच्या पातळीवरील एक दोष मुद्दाम शेवटी घेतला आहे, कारण तो डोळ्यांना दिसत नाही व मराठीचा म्हणून विशेष आहे. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ ह्या दोन शब्दांत स्वयंपाकी आणि गुरू एवढे अंतर आहे, आणि ते सारे त्या आडव्या रफारावर अवलंबून आहे. युनिकोडमध्ये हा रफार दोन प्रकारे नोंदविता येतो : नुक्ता असलेला ‘ऱ’ व हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त व त्यापुढे जोडणीचे एक अदृश्य चिन्ह. दुसरा प्रकार जुन्या आवृत्त्यांशी सुसंगती राखण्यासाठी टिकविला आहे. पडद्यावर व कागदावर दोन्ही एकसारखे दिसतात. परंतु ‘फाइंड’मध्ये एका प्रकारे शब्द टंकला तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेला सापडेलच असा भरवसा नाही. शब्दसूची करणाऱ्याची गणना चुकते, आणि चूक कोठे झाली ह्याचा मागमूस लागत नाही. त्याहून वाईट गोष्ट अशी की, काही प्रणाल्या मजकूर स्वीकारताना अदृश्य चिन्हे गाळून टाकतात. दुसऱ्या प्रकारातील अदृश्य चिन्ह गळाले की उरतो साधा रफार, आणि स्वयंपाक्याचा गुरू होतो. ह्या बदलाखाली लाल रेषाही येणार नाही, कारण ‘आचार्यांना’ हा शब्द शुद्धच आहे.

‘ॲ’ ह्या अक्षराचीही अशीच द्विधा नोंद आढळते. त्याचा स्वतंत्र संकेत युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला, त्यापूर्वी ‘अ’वर चंद्र देऊनच ते लिहावे लागे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे आवश्यक झाले, आणि त्या प्रती शोधगंगेत जमा होत आहेत. पुढचा अभ्यासक त्या वाचील त्याहून अधिक वेळा त्यांत शोध घेईल. तेव्हा प्रबंध सादर करण्यापूर्वी ‘फाइंड अँड रिप्लेस’च्या चौकटीत ‘रेग्युलर एक्स्प्रेशन्स’ची खूण करून अदृश्य चिन्हाचे सर्व रफार पहिल्या प्रकारात आणून घ्यावेत. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे ही कळ दाबली की ‘ऱ’ उमटतो व डी ने हलन्त. नव्याने लिहिणाऱ्यास तर ह्याहून अधिक काही करावे लागत नाही.