‘संबंध’ आणि ‘सहवास’: स्वमग्न प्रौढांच्या प्रीतीविषयी एक शब्दार्थविचार

१

काही काळापूर्वी नंदुरबार जिल्ह्यातील एक पदव्युत्तर विद्यार्थी तास संपल्यावर मागे थांबला. आपण स्वमग्न आहोत हे त्यास प्रौढपणी, वैद्यकीय तपासणीअंती कळले होते. तो म्हणाला, “सर, एका मुलीवर माझे प्रेम आहे. तिच्याबरोबर आयुष्य काढावे असे वाटते. पण इतर मुले ज्या ओढीविषयी बोलतात ती मला बहुधा नाहीच. हे तिला लग्नाआधी सांगायचे आहे. कोणत्या शब्दांत सांगू?” भाषाशास्त्राच्या अध्यापकापाशी याचे उत्तर असावयास हवे होते. ते नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा शोध होय.

प्रश्न वैद्यकाचा आहे, आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु त्या तरुणाने औषध मागितले नव्हते. त्याने शब्द मागितले होते. ज्या समाजात प्रीती, काम आणि विवाह यांविषयी बोलावयाचे शब्द परस्परांत इतके गुंतलेले आहेत की त्यांतील एक वेगळा काढून दाखविता येत नाही, त्या समाजात असे शब्द मागणे ही साधी गोष्ट नव्हे.

२

प्रथम ‘स्वमग्न’ हाच शब्द घेऊ. ऑटिझम ही संज्ञा स्विस मनोवैद्य ऑयगेन ब्लॉयलर याने शतकापूर्वी ‘स्व’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडविली. त्याला तीमधून छिन्नमनस्कतेतील एक लक्षण, बाह्य जगाकडे पाठ फिरवून स्वतःत बुडणे, सुचवावयाचे होते. पुढे १९४३ साली लिओ कॅनर याने व १९४४ साली हान्स आस्पेर्गर याने काही मुलांच्या निराळ्याच प्रकृतीस तेच नाव दिले. संकल्पना बदलली, नाव राहिले. मराठीने ‘स्व’ आणि ‘मग्न’ अशी जोड करून त्या नावाचे निष्ठेने भाषांतर केले. त्यामुळे शास्त्राने केव्हाच मागे टाकलेला अर्थ मराठी शब्दात मात्र जिवंत राहिला. ‘स्वमग्न’ म्हणताच ज्यास दुसऱ्याची गरज नाही असा मनुष्य डोळ्यांपुढे उभा राहतो.

वस्तुस्थिती तशी नाही. प्रौढ स्वमग्न व्यक्तींच्या अलीकडील पाहण्यांतून एक गोष्ट वारंवार पुढे आली आहे: त्यांतील पुष्कळांना जोडीदार हवा असतो, अनेक जण विवाहित आहेत, आईबाप आहेत. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ साली असे प्रतिपादन केले की, स्वमग्न आणि इतर यांच्यातील दुरावा हा एकाच बाजूचा दोष नसून दोन्ही बाजूंनी परस्परांस न उमगण्याचा प्रकार आहे. शब्दच ‘स्व’पासून निघाला असता ही दुसरी बाजू विसरली जावी, यात नवल नाही.

त्याच पाहण्यांतून दुसरीही गोष्ट दिसते. कोणाविषयीच कामाकर्षण वाटत नाही, अथवा फार क्वचित वाटते, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण स्वमग्न प्रौढांमध्ये इतरांपेक्षा अधिक आढळते. मात्र ही प्रकृती केवळ स्वमग्नांची नव्हे. अँथनी बोगार्ट यांनी २००४ साली ब्रिटनमधील अठरा हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुमारे एक टक्का लोकांनी असे आकर्षण कधीच वाटले नसल्याचे सांगितले होते. अमेरिकन मनोवैद्यांच्या संघटनेने २०१३ च्या आपल्या वर्गीकरणात, जी व्यक्ती स्वतःस अशा प्रकृतीची मानते तिच्या इच्छेच्या अभावास विकार समजू नये, असे स्पष्ट केले.

येथे चार गोष्टी वेगळ्या ठेविल्या पाहिजेत: आकर्षण, इच्छा, क्षमता आणि स्पर्शाची संवेदना. स्पर्श असह्य होणाऱ्या मनुष्यास आकर्षण तीव्र असू शकते. आकर्षण नसलेल्याची क्षमता पूर्ण असू शकते. आणि या चारांपैकी एकीवरूनही प्रीतीचा निर्णय होत नाही.

३

आता मूळ अडचण. मराठी शिष्ट भाषा कामव्यवहाराचा उल्लेख उघडपणे करीत नाही. त्यासाठी ती शब्द उसने घेते, आणि ते घेते सोबतीच्या शब्दभांडारातून. संबंध, सहवास, समागम, संग, मीलन, जवळीक: यांतील प्रत्येक शब्दाचा मूळ अर्थ केवळ एकत्र येणे, एकत्र असणे एवढाच आहे. संतांचा समागम होतो, सज्जनांचा संग धरावा असे आपण म्हणतो, वडिलांचा सहवास लाभला नाही म्हणून हळहळतो. परंतु स्त्री आणि पुरुष यांच्याविषयी बोलू लागताच तेच शब्द दुसरीकडे झुकतात. ‘त्यांचे संबंध आहेत’ या वाक्याचा अर्थ कोणत्याही मराठी माणसास समजावून सांगावा लागत नाही.

शिष्टोक्तीचा हा व्यवहार निरुपद्रवी आहे असे आपण मानतो. परंतु उसने दिलेले शब्द परत आले नाहीत, हे आपल्या ध्यानात आले नाही. ज्या व्यक्तीस सोबत हवी आहे आणि काम नको आहे, तिच्यापाशी आता शब्दच उरत नाही. ‘मला तुझा सहवास हवा’ असे ती म्हणाली तर ऐकणारा जे समजतो, नेमके तेच तिला म्हणावयाचे नसते. स्वमग्न मनुष्याची अडचण दुप्पट होते. कारण त्यांतील अनेकांचा कल शब्दाचा वाच्यार्थ घेण्याकडे असतो. जी भाषा लक्षणेने बोलते तिच्यात अभिधेने बोलणाऱ्याची फसगत ठरलेलीच.

अभावाचे शब्द पाहू गेल्यास चित्र अधिकच उदास दिसते. एका बाजूस ब्रह्मचारी आणि विरक्त. दुसऱ्या बाजूस षंढ, नपुंसक आणि स्त्रीसाठी ‘थंड’. पहिल्या गटातील शब्द इच्छा जिंकल्याचे श्रेय देतात, दुसऱ्या गटातील शब्द क्षमता नसल्याचा कलंक लावतात. ज्याने काही जिंकले नाही आणि ज्याचे काही उणेही नाही, त्याच्यासाठी मधली जागा रिकामी आहे. अलीकडे ‘अलैंगिक’ हा शब्द वापरात येऊ लागला आहे. पण शालेय विज्ञानातील ‘अलैंगिक प्रजनना’मुळे तो मराठी वाचकास अमीबाची आठवण करून देतो. शिवाय ‘लिंग’ हा शब्द व्याकरणातील लिंग, चिन्ह आणि अवयव असे तिन्ही अर्थ वाहणारा; त्यास ‘अ’ जोडून आकर्षणाचा अर्थ मिळणार कसा?

४

वाङ्मयाने ही रिकामी जागा भरली आहे काय? वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) ही कामवासनेचा विचार करणारी मराठीतील बहुधा सर्वांत अधिक वाचली गेलेली कादंबरी. तीत उपभोगात वाहवत गेलेला ययाती आहे, देहाचा आणि स्त्रीचा द्वेष करणारा यती आहे, आणि प्रेम करूनही कर्तव्यासाठी संयम पाळणारा कच आहे. या तिघांत मानवी प्रवृत्तींचा पट पूर्ण झाला असे वाचकास वाटते. पण तिघांचेही गृहीतक एकच आहे: वासना सर्वांना असतेच, प्रश्न आहे तो तिच्या पुढे जावे, तिच्याशी लढावे की तिला आवरावे एवढाच. ज्याच्या ठायी ती मंदच आहे आणि जो तरीही देवयानीवर प्रेम करील, असा चौथा पुरुष त्या कादंबरीत संभवत नाही. हा खांडेकरांचा व्यक्तिगत दोष नव्हे. त्यांना उपलब्ध असलेल्या नीतिविचाराची ती सीमा होय.

त्या विचाराचे कट्टर विरोधक र. धों. कर्वे यांचीही सीमा तीच होती, हे नमूद केले पाहिजे. १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून, खटले सोसून, त्यांनी काम आणि संतती यांची फारकत केली. मराठी समाजावरील हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु ब्रह्मचर्याच्या स्तोमाशी लढताना कामेच्छा ही सर्वांचीच स्वाभाविक गरज आहे, हे त्यांना गृहीत धरावे लागले. त्यांनी दोरीचा एक पेड उलगडला. काम आणि प्रीती यांचा पेड तसाच राहिला.

विशेष म्हणजे आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात याहून अधिक मोकळीक होती. नवव्या शतकातील रुद्रटाने शृंगाराहून वेगळा असा ‘प्रेयान्’ रस मानला व त्याचा स्थायीभाव ‘स्नेह’ सांगितला. पुढील परंपरेने तो फारसा स्वीकारला नाही. स्नेहाला स्वतंत्र रसाचा दर्जा नाकारला गेला, आणि नायकनायिकांच्या वाट्यास रतीच तेवढी उरली.

आजच्या लोकप्रिय कलेने या प्रश्नास हात घातला तो निराळ्या मार्गाने. ‘बर्फी’ (२०१२) या हिंदी चित्रपटातील झिलमिल ही स्वमग्न तरुणी आहे आणि तिची प्रीती खरी आहे, हे दिग्दर्शकाने मनापासून दाखविले. पण ती प्रीती प्रेक्षकांस मान्य व्हावी म्हणून झिलमिलला बालिका केले. जिच्या प्रेमात काम दिसत नाही ती मूलच असली पाहिजे, हा येथील छुपा सिद्धांत. तो दोन प्रकारे अन्याय्य आहे. ज्या स्वमग्न प्रौढांस कामेच्छा आहे, आणि असे पुष्कळ आहेत, त्यांची इच्छा तो नाकारतो. ज्यांस ती अल्प आहे त्यांचे प्रौढपण तो नाकारतो.

५

ही चर्चा केवळ ग्रंथांतील नव्हे, हे पाहण्यासाठी नंदुरबार जिल्ह्याकडे परत येऊ. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. घरात भिली, पावरी, मावची, कोकणी बोलली जाते. अहिराणी आणि गुजरीही आहेत. निदान मात्र प्रमाण मराठीतून येते. अक्राणीतील एखाद्या कुटुंबापुढे ‘स्वमग्न’ हा शब्द जेव्हा कागदावर येतो, तेव्हा त्याच्या मागचा इतिहास येत नाही. केवळ ‘स्वतःत बुडालेला’ हा वाच्यार्थ येतो, आणि अशास मुलगी कोण देईल हा प्रश्न त्यापाठोपाठ येतो.

कायद्याची भाषाही फारशी साह्य करीत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या पाचव्या कलमात, विशिष्ट मनोविकार असलेल्या व्यक्तीविषयी बोलताना ‘विवाह’ आणि ‘संतती’ यांस अपात्र असणे ही एकच गोष्ट असल्याप्रमाणे मांडली आहे. बाराव्या कलमान्वये नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध न घडल्यास विवाह रद्द ठरविता येतो. सबळ कारणावाचून दीर्घकाळ शरीरसंबंध एकतर्फी नाकारणे ही मानसिक क्रूरता ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली समर घोष प्रकरणात म्हटले आहे. जोडीदाराच्या दृष्टीने या तरतुदींत न्याय आहे, हे मान्य केलेच पाहिजे. न सांगता लादलेला असा संसार दुसऱ्यावर अन्यायच करतो. पण म्हणूनच आधी सांगता येणे अगत्याचे ठरते.

त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमान्वये, केंद्र सरकारने अधिसूचना काढल्यावाचून तो अनुसूचित जमातींस लागू होत नाही. त्यांचे विवाह व काडीमोड रूढीप्रमाणे, पंचांसमोर ठरतात. देज दिलेले असते आणि ते परत करण्याचा वाद उपस्थित होऊ शकतो. न्यायालयात निदान वकील शब्दांची चिकित्सा करतो. पंचांपुढे तरुणाच्या स्वतःच्या तोंडी जो शब्द असेल तोच त्याचा बचाव. तो शब्द नसेल तर दुसरे कोणी त्याच्यासाठी शब्द योजील, आणि तो ‘षंढ’ असेल.

६

शब्द घडविल्याने जीवन बदलत नाही, असा आक्षेप येथे संभवतो. तो अंशतः खरा आहे. परिभाषा समितीने एखादी भारदस्त संज्ञा काढावी आणि ती कोशात पडून राहावी, असे मलाही वाटत नाही. माझी सूचना साधी आहे. शास्त्रीय लेखनात ‘अलैंगिक’ऐवजी ‘कामाकर्षणाची अल्पता’ अथवा ‘कामाकर्षणाचा अभाव’ असे सरळ म्हणावे, म्हणजे कशाची अल्पता हे स्पष्ट होईल आणि क्षमतेचा प्रश्न आपोआप वेगळा पडेल. आणि नित्याच्या लेखनात, विशेषतः आपण अध्यापकांनी, शरीरसंबंधास शरीरसंबंधच म्हणावे. ‘संबंध’, ‘सहवास’, ‘जवळीक’ हे शब्द त्यांच्या मूळ धन्यास परत करावेत. तेथे संकोच सोडला तर अन्यत्र सोबतीचे शब्द मोकळे होतील. आपल्या विद्यार्थ्यांनी भिली, पावरी व अहिराणी शब्दसंग्रह करताना याही क्षेत्रातील शब्द, विवेकाने व विश्वास संपादून, नोंदवावेत. प्रमाण मराठीने गमावलेला एखादा भेद त्या बोलींनी राखला असणे असंभाव्य नाही.

त्या विद्यार्थ्यास मी अखेर एवढेच सांगितले की, मोठा शब्द शोधू नये. मला जे विचारलेस, त्याच वाक्यांत तिला सांगावे. त्याने तसे केले. तिने विचार करण्यास वेळ मागितला आहे. तिचे उत्तर काहीही येवो, ते खऱ्या प्रश्नाचे उत्तर असेल. मराठीत तो प्रश्न विचारता येतो, हे त्याने दाखवून दिले. तो इतक्या कष्टाने विचारावा लागू नये, हे पाहणे आपले काम आहे.