वस्तुसंग्रहालये आणि त्यांतील उपरे : एक चिकित्सा

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या वस्तुसंग्रहालयाकडे सुलतानगंजची बुद्धमूर्ती आहे. बिहारमधील सुलतानगंज येथे 1861-62 च्या सुमारास रेल्वेच्या कामासाठी खोदकाम चालू असता हॅरिस नावाच्या इंग्रज अभियंत्यास ती सापडली. तांब्याची, सात फुटांहून अधिक उंचीची ही मूर्ती सॅम्युएल थॉर्न्टन या बर्मिंगहॅमच्या कारखानदाराने 200 पौंडांस विकत घेतली आणि आपल्या शहराच्या नियोजित संग्रहालयासाठी देऊ केली. मूर्ती आधी पोहोचली. संग्रहालयाची आजची इमारत 1885 साली खुली झाली. ही हकिकत आपल्याकडील अभ्यासकांस अपरिचित नाही. मूर्ती परत यावी की न यावी, हाही प्रश्न अधूनमधून विचारला जातो. मात्र अशा मूर्तीशेजारील माहितीफलक कोण लिहितो, आणि ज्यांच्या पूर्वजांच्या वस्तू तेथे मांडल्या आहेत त्यांच्यापैकी कोणी त्या इमारतीत नोकरीस असेल तर त्याचे दिवस कसे जातात, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही.

ब्रिटनमध्ये 2014 साली 'म्युझियम डिटॉक्स' या नावाने एक मंडळ सुरू झाले. संग्रहालये, कलादालने, ग्रंथालये व अभिलेखागारे यांत काम करणाऱ्या गौरेतर व्यक्तींचे हे परस्परसाहाय्याचे जाळे होय. त्याच्या संस्थापकांत सारा वाजिद यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. अशा मंडळाची गरज का भासावी? एखाद्या विभागात आपल्यासारखे आपण एकटेच असणे, सभेत 'तुमच्या समाजाला काय वाटते?' असे विचारले जाणे आणि त्याच सभेत निर्णयाच्या वेळी न विचारले जाणे, हा अनुभव ज्याच्या वाट्यास येतो तो प्रथम स्वतःवरच संशय घेतो. दुसऱ्या शहरातील दुसऱ्या संस्थेतही नेमके हेच घडते असे कळले, की तो संशय गळून पडतो. आपल्याकडे सरकारी कचेरीत एकट्याने नोकरी केलेल्या पहिल्या पिढीच्या माणसास हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

येथवर या मंडळांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु 'डिटॉक्स' या शब्दापाशी मी अडखळतो. डिटॉक्स म्हणजे शरीरातील विष उतरविणे. हे नाव थट्टेने घेतले असेल, तरी त्यात एक गृहीत दडलेले आहे. विष आहे ते कर्मचाऱ्याच्या शरीरात, आणि उतरवायचे तेही तेथूनच. इमारतीच्या विहिरीतील पाण्याचे काय? संध्याकाळी मित्रमंडळींत मन मोकळे करून सकाळी पुन्हा तेच पाणी प्यावयास जाणे, असा क्रम पडला तर त्यात संस्थेची मोठी सोय होते. जखम तिने करावी, आणि मलमपट्टी जखमींनी आपसांत, आपल्या वेळात करावी.

या शंकेस आधार मिळतो तो सुमाया कासिम यांच्या 'द म्युझियम विल नॉट बी डीकॉलनाइज्ड' या लेखात. 2017 साली बर्मिंगहॅमच्या त्याच संग्रहालयात 'द पास्ट इज नाऊ' हे प्रदर्शन भरले. बर्मिंगहॅम आणि ब्रिटिश साम्राज्य यांचा संबंध त्यात मांडला होता. संग्रहालयाने बाहेरून बोलावलेल्या सहा गौरेतर स्त्रियांचा मांडणीत सहभाग होता. कासिम त्यांपैकी एक. सारा वाजिदही त्या वेळी तेथेच काम करीत होत्या. फलकांनी नेहमीचा तटस्थ स्वर सोडला आणि साम्राज्य व भांडवलशाही यांच्यावर थेट ठपका ठेवला. काही प्रेक्षकांस ते रुचले नाही. कासिम यांचा लेख त्याच वर्षी नोव्हेंबरात आला, आणि त्याचा रोख मुख्यतः संस्थेकडे होता. बाहेरच्यांना बोलावणे, त्यांच्याकडून मनस्ताप देणारे, मोबदल्यात न मोजले जाणारे श्रम घेणे आणि त्यातून आलेली टीकाही अखेर आपल्या संग्रहात एक वस्तू म्हणून जमा करणे, ही संग्रहालयांची रीत त्यांनी उघड केली.

शीर्षकातील इंग्रजी क्रियापदाचे दोन अर्थ होतात. संग्रहालय वसाहतवादातून मुक्त होणार नाही, हे एक भाकीत. आणि ते स्वतःला मुक्त होऊ देणार नाही, हा एक हट्ट. लेख बव्हंशी पहिल्या अर्थाने वाचला गेला. माझ्या मते त्याचे बळ दुसऱ्या अर्थात आहे. संस्था स्वभावतःच अशी आहे असे म्हटले, की कोणी उत्तरदायी उरत नाही. ती नकार देते असे म्हटले, तर कोणी, कोणत्या सभेत, कोणत्या पैशाच्या जोरावर नकार दिला हे विचारता येते. कासिम स्वतः या दोन अर्थांत पुरता भेद करीत नाहीत, हे त्यांच्या लेखाचे मला जाणवणारे न्यून.

कॅनडातील एक घटना येथे उपयोगी पडेल. हायडा या आदिवासी राष्ट्राच्या लूसी बेल व्हिक्टोरिया येथील रॉयल बी.सी. म्युझियममध्ये आदिवासी संग्रह व वस्तू परत करण्याच्या विभागाच्या प्रमुख होत्या. 2020 मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि निरोपाच्या भाषणात तेथील वर्णद्वेष बोलून दाखविला. चौकशी झाली. 2021 मध्ये मुख्याधिकाऱ्यांनी पद सोडले, आणि त्याच वर्षी वर्णद्वेष व भेदभाव घडल्याचे संग्रहालयाने मान्य करून क्षमा मागितली. पूर्वजांच्या अस्थी घरी नेण्याचे काम ज्या पदावर होते, त्याच पदावरील व्यक्तीस ही जागा सोडावी लागली. धीर देणारे सोबती कितीही असले, तरी राजीनामा एकटीनेच लिहावा लागतो. मात्र बोललेले ऐकून घेण्यास बाहेर कोणी आहे ही खात्री असेल, तर तो मुकाट्याने लिहावा लागत नाही.

दुसरी मर्यादा पगाराची. 2020 च्या उन्हाळ्यात लंडनच्या टेट कलादालनांच्या दुकान-उपाहारगृहांतील 313 नोकऱ्या कमी करण्याचे ठरले. त्या वर्गात गौरेतर कर्मचाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे, असे कामगार संघटनेचे म्हणणे होते. संप केला तो संघटनेने. अभिरक्षकांच्या मैत्रीची मंडळे आणि खानावळीत बशा उचलणाऱ्यांची संघटना यांत अंतर राहिले, तर 'गौरेतर' हा एकच शब्द दोघांना फार काळ एकत्र धरू शकणार नाही. शिकलेल्यांची मंडळे आणि वस्ती यांतील असे अंतर आपणही पाहिलेले आहे. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

2020 च्याच अखेरीस सारा वाजिद बर्मिंगहॅम संग्रहालयांच्या संयुक्त मुख्याधिकारी झाल्या. मंडळ स्थापणारी व्यक्ती थेट अधिकारपदावर गेली, ही लहान गोष्ट नव्हे. कासिम यांचे भाकीत तपासून पाहण्याची संधी त्याच इमारतीत आली. पुढे सप्टेंबर 2023 मध्ये बर्मिंगहॅम नगरपालिकेने आपली तिजोरी रिती झाल्याची कायदेशीर नोटीस काढली. अधिकार हाती येतो तेव्हाच पैसा आटतो, हा योगायोग म्हणावा की काय, हे वाचकांनी ठरवावे. 'द पास्ट इज नाऊ' केव्हाच उतरले. कासिम यांनी मांडलेला श्रमांचा हिशेब मात्र संग्रहालयशास्त्राच्या वर्गांत अजून वाचला जातो, आणि तो वाचूनच पुढची पिढी त्या नोकऱ्यांसाठी अर्ज करते.