आनंद यादवांच्या आत्मचरित्रमालेतील कुटुंब : एक पुनर्विचार

आनंद यादव (१९३५–२०१६) यांच्या ‘झोंबी’ (१९८७), ‘नांगरणी’ (१९९०), ‘घरभिंती’ (१९९२) आणि ‘काचवेल’ (१९९७) या आत्मचरित्रमालेतून कागल येथील एका शेतकरी कुटुंबाचा विसाव्या शतकातील प्रवास साकार होतो. ‘झोंबी’ला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, तिला पार्ल्यात वाढलेल्या पु. ल. देशपांडे यांची प्रस्तावना आहे. शिक्षणासाठी दिलेली झुंज असेच तिचे वाचन प्रामुख्याने होत आले. या वाचनात वडील केवळ अडसर ठरतात. प्रस्तुत लेखात या गृहीतकाचा पुनर्विचार केला आहे.

‘झोंबी’तील वडील गावात सर्वांआधी गुऱ्हाळ लावतात. ऊस रानात आणखी राहिला तर गूळ अधिक पडेल. परंतु सगळीकडे गुऱ्हाळे सुरू झाली की भाव उतरतो, हा त्यांचा हिशेब आहे. दत्ताजीराव देसायांच्या शब्दाखातर मुलाला शाळेत धाडतानाही ते अटी घालतात : अकरापर्यंत पिकाला पाणी पाजायचे, शाळा सुटल्यावर गुरे चारायची आणि काम अधिक असेल त्या दिवशी शाळा बुडवायची. मजूर लावण्याची ऐपत नसलेल्या घरात मूल हे श्रमाचे एकक असते. वडिलांचा विरोध या अर्थव्यवस्थेतून येतो.

मात्र एवढ्याने ते निर्दोष ठरत नाहीत. स्वतः गावभर हिंडायचे आणि रानाचा भार बायको-पोरांवर टाकायचा, ही त्यांची रीत लेखकाने लपविलेली नाही. दारिद्र्य आणि पुरुषसत्ता येथे परस्परांत गुंतली आहेत. म्हणूनच मुलाच्या बाजूने उभी राहणारी आई ही या मालेतील खरी कर्ती व्यक्ती ठरते.

मर्यादा निराळ्याच ठिकाणी जाणवते. कुटुंबाची कथा सांगतो तो त्यातून बाहेर पडलेला एकटा मुलगा. तो शाळेत गेला तेव्हा त्याच्या वाट्याचे काम कोणी उचलले? ‘घरभिंती’त भावंडांविषयीचे उत्तरदायित्व प्रकर्षाने येते, तथापि तेही निवेदकाच्याच दृष्टीतून. मागे राहिलेल्यांना स्वतंत्र आवाज मिळत नाही.

विलेपार्ल्यातील वर्गात ‘झोंबी’ शिकविताना यशोगाथेवर थांबणे सोपे असते. परंतु एकाच्या शिक्षणाची किंमत घरातील इतरांनी कशी चुकविली, हा प्रश्न विचारल्याखेरीज या मालेचे सामाजिक मोल पूर्णपणे उमगणार नाही.