'कॉल ऑफ द व्हॅली'तील तिसरे वाद्य

अर्नाळ्याच्या बाजूस गिटार हे वाद्य कोणास नवे नाही. तेथील ख्रिस्ती वस्तीत लग्नघरापासून चर्चमधील गायनापर्यंत ते कानी पडते. असे असूनही गेल्या पावसाळ्यात तेथील एका स्नेह्यांच्या ओटीवर 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका ऐकत असता एक चमत्कारिक प्रकार आमच्या दृष्टीस पडला. संतूर व बासरी घरातील लहानथोरांनी तत्काळ ओळखली. परंतु त्या दोहोंमधून उठणाऱ्या तिसऱ्या स्वरास कोणी सरोद म्हणे, कोणी विचित्रवीणा. दर रविवारी चर्चमध्ये स्वतः गिटार वाजविणारा शेजारचा मुलगाही वीणेच्याच पक्षाला मिळाला! ही तुझीच गिटार, असे सांगितले तेव्हा आम्ही त्याची थट्टा करीत आहोत असे त्यास वाटले.

या गैरसमजाबद्दल त्या मंडळींस दोष देण्याची आमची इच्छा नाही. १९६७ साली प्रसिद्ध झालेली ही ध्वनिमुद्रिका वास्तविक तिघांची: शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा. तबल्याच्या साथीस माणिकराव पोपटकर. परंतु आज दहा रसिकांस विचारले तर नऊ जण पहिली दोनच नावे घेतील. पुढे त्या दोघांची जोडी 'शिव-हरी' या नावाने 'सिलसिला' (१९८१) आदी चित्रपटांतून घरोघरी गेली. 'द व्हॅली रिकॉल्स' म्हणून त्यांनी त्याच दरीची पुन्हा आठवण काढली, तीत काब्रा नव्हते. लोकांची स्मृती अशीच घडते. तीत अन्याय कोणी जाणूनबुजून केलेला असतो असे नाही.

आमचे म्हणणे मात्र असे आहे की, या कृतीचा सांधा गिटार हाच आहे. संतुराच्या तारेवर कलम पडली की स्वर उमटतो आणि तेथेच विरू लागतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्या वाद्यास मुळातच दुष्कर, आणि शिवकुमारांना आरंभी टीका सोसावी लागली ती याच उणिवेपायी. उलट बासरीचा स्वर श्वासाचा, अखंड. एक थेंब, तर दुसरी धार. नुसती ही दोनच वाद्ये समोरासमोर ठेवली असती तर त्यांचे संभाषण होण्याऐवजी आळीपाळीची भाषणे झाली असती. काब्रांची गिटार तारेचीच, म्हणून संतुराची नातलग. आणि मींड तिची स्वाभाविक चाल, म्हणून बासरीचीही. ती दोघींशी त्यांच्या त्यांच्या बोलीत बोलते.

येथे कोणी विचारील की, पडद्यांच्या वाद्यावर मींड कशी? हार्मोनियमचे स्वर बांधलेले म्हणून १९४० साली आकाशवाणीने त्या पेटीस दार बंद केले होते. मग गिटारलाच सवलत का? उत्तर तिच्या बैठकीत आहे. काब्रा गिटार आडवी ठेवून वाजवीत. तारा पडद्यांपासून उंच उचललेल्या, आणि डाव्या हातात पोलादी कांब. ती कांब तारेवरून सरकते, पडद्यास शिवतही नाही. पडदे असून नसल्यासारखे होतात, आणि दोन पडद्यांमधला जो प्रदेश साध्या गिटारवाल्यास बंद असतो तो सारा मोकळा होतो. त्यावर उस्ताद अली अकबर खाँ यांची तालीम. तेव्हा तो स्वर सरोदासारखा वाटला तर नवल नाही!

ही युक्ती हवाई बेटांतील. मात्र अमेरिकेतील काळ्या लोकांच्या 'ब्लूज' नामक दुःखगीतांतही तिची जुळी बहीण आढळते. डब्ल्यू. सी. हँडी यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे की, मिसिसिपीमधील टटवायलर स्थानकावर त्यांनी एका फाटक्या माणसास तारांवर सुरी दाबून गिटार वाजविताना ऐकले. त्या गीतांचा गंधार ना धड शुद्ध ना धड कोमल. दुःख तेथेच, त्या फटीत राहते. आमच्या अहिर भैरवातील आंदोलित कोमल ऋषभ ज्याने मन लावून ऐकला आहे, त्यास हे निराळे समजावून सांगावयास नको. पुढे विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांनी 'अ मीटिंग बाय द रिव्हर' (१९९३) मध्ये हे नाते उघडच केले, आणि त्यास ग्रॅमी पारितोषिकही लाभले. काब्रांनी ती वाट पंचवीस वर्षे आधी तुडविली होती.

मेंढपाळाच्या जीवनातील एक दिवस, ही जी कथा या ध्वनिमुद्रिकेस जोडलेली आहे ती आम्हांस फारशी पटत नाही. पहाटेच्या अहिर भैरव-नटभैरवापासून पिलू, भूप, देस असे चालत पहाडीवर थांबणे, एवढा क्रम स्वतःच पुरेसा बोलका आहे. मेंढपाळ आम्हांस वेष्टणाबाहेर कोठेच भेटला नाही. रागांचा विस्तार आखडला हा शुद्धतावाद्यांचा आक्षेपही खरा आहे. चाळीसएक मिनिटांत इतके राग म्हटल्यावर बढत कोठून यावयाची? परंतु निर्माते कोण होते हे ध्यानी घेतले पाहिजे. ते गो. ना. जोशी, ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' तबकडीवर गाऊन मराठी भावगीताचे युग सुरू करणाऱ्यांतले. तीन मिनिटांत भाव पुरा करून थांबण्याची शिस्त त्यांच्या अंगी मुरलेली होती. या ध्वनिमुद्रिकेकडे मैफल म्हणून पाहिले तर ती तोकडी. शब्दावाचूनची भावगीते म्हणून पाहिले तर बेतशीर. परदेशी श्रोते, ज्यांत जॉर्ज हॅरिसन व बॉब डायलन यांची नावे घेतली जातात, तिच्याकडे ओढले गेले ते आमच्या मते या बेतशीरपणामुळेच. आमच्याकडील मध्यमवर्गीय घरांतही ती याच वाटेने शिरली.

काब्रा २०१८ साली निवर्तले. त्यांच्या एकट्याच्या वादनाच्या मुद्रिकाही आहेत; ज्यांस बढत हवी त्यांनी त्या अवश्य मिळवून ऐकाव्यात.

अर्नाळ्याचा तो मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी आपली गिटार घेऊन आला. ती मांडीवर आडवी टाकून स्वयंपाकघरातल्या सुरीची पाठ तो तारांवरून फिरवू लागला. निघालेला आवाज फारसा सुश्राव्य नव्हता. त्याच्या आजीने आतून सुरी परत मागितली. पण ती बराच वेळ मिळाली नाही.