‘शासनमान्य’ म्हणजे कशाला मान्यता?

आपल्या वाचनालयांच्या पाट्यांवर ‘शासनमान्य’ हा शब्द ठळक असतो. मान्यता म्हणजे काय, हा खरं तर तत्त्वज्ञानाचा प्रश्न. पण आपल्याकडे तो 1970च्या अनुदान-नियमांनी सोडवून टाकलाय. ग्रंथ किती, नियतकालिकं किती, सभासद किती, त्यावरून अ, ब, क, ड. जे मोजायला सोपं, तेच आपण मोजत आलो.

नगरचं जिल्हा वाचनालय 1838 सालचं. मुस्लिम, ख्रिस्ती, जैन व्यापारी आणि कारागीर पिढ्यान् पिढ्या याच शहरात आहेत. (नाव आता अहिल्यानगर; आमच्या तोंडी अजून नगरच येतं.) या माणसांच्या धंद्याशी वाचनालयाचा काय संबंध?

समजा, शेवगावजवळच्या खेड्यात एका मुस्लिम तरुणाला 10 लाखांची बेकरी काढायचीय. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण अर्जदाराला ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान मिळतं, अल्पसंख्याकाला 35. स्वतःचे पैसे घालायचे 10 टक्क्यांऐवजी 5. म्हणजे अनुदान एक लाखाने जास्त, पदरचे पन्नास हजार कमी. हे त्याला सांगणार कोण? बहुधा एजंट, आणि फुकट नाही. उद्यम नोंदणी तर मुळात निःशुल्क आहे, तिचेही लोक पैसे मोजतात! मुस्लिमांच्या वाट्याला बँकेचं कर्ज लोकसंख्येच्या मानाने कमी येतं, हे सच्चर समितीने 2006 सालीच दाखवलंय. त्यात माहितीचीही वानवा.

कुणी म्हणेल, वाचनालय म्हणजे काय सेतू कार्यालय आहे का? आक्षेप अगदीच चुकीचा नाही. ग्रंथपालाने अर्ज भरत बसावं असं आम्ही म्हणत नाही. पण रंगनाथनांनी 1931 साली सांगितलं, ग्रंथ वापरासाठी असतात आणि वाचकाचा वेळ वाचवा. योजनेची पुस्तिका, प्रकल्प अहवालाचा नमुना आणि ते समजावणारा माणूस, हेही त्यातच बसतं. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी आपण अभ्यासिका काढल्याच ना? तिथे कुणी विचारलं नाही, हे साहित्य आहे का म्हणून.

अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेच्या उद्योगविषयक विभागाने अल्पसंख्याक उद्योजकांच्या सेवेसाठी खास पुरस्कार ठेवला होता. आपल्याकडे उत्कृष्ट ग्रंथालयाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचा राज्य पुरस्कार आहे. नाव बाबासाहेबांचं आहे, तर निकषांत एवढा एक प्रश्न घाला: वर्षभरात धंद्याची माहिती विचारायला कोण आलं, आणि त्याला काय मिळालं? येत्या वार्षिक सभेत सभासद म्हणून तुम्हीच तो मांडा. त्याला शासननिर्णय लागत नाही.